खळ्यात आखलेली बोट

त्या वर्षी आमच्या घरापुढचं खळं सारवायला मला बंदी होती, कारण खळ्यात साहेबाची बोट होती. लाकडाची नव्हे, चुन्याची. घरापुढच्या त्या एवढ्या मोठ्या अंगणात, तुळशीच्या अलीकडून पलीकडे, पांढऱ्या रेघांचं नुसतं जाळं पसरलेलं. येणारी-जाणारी माणसं फाटकाशी थबकायची, आत डोकवायची आणि मला विचारायची, "काय गो, यंदा दिवाळीची रांगोळी भलतीच लांबली?" मी हसून दाखवायची. आतून मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आता हे सांगायचं तर थोडं मागे जायला हवं. आमचे हे मुंबईला गोदीतल्या एका ड्रॉइंग ऑफिसात होते. लग्न झाल्यापासून मी रत्नागिरीला आणि हे मुंबईला. वर्षातून एकदा गणपतीला यायचे, कधी शिमग्याला, आणि आठ दिवसांत परत आगबोटीवर. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. घरात मी आणि मामंजी, त्यांनाही ऐकू कमी यायचं. दिवसभर बोलायला माणूस नाही. शेजारच्या सगळ्या जणींचे नवरे मुंबईला, त्यामुळे तक्रार करायचीही सोय नव्हती. सगळ्यांचंच तसं, मग तुझंच काय मोठं, म्हणायच्या. पण मला नव्हतं जमत. मी तोंडाने फटकळ, आणि एकटी राहिले की जास्तच कडवट व्हायची.

तर त्या वर्षी हे गणपतीला आले आणि परत गेलेच नाहीत. बांधकाम खात्यातला एक साहेब होता, त्याला समुद्राचं वेड. विलायतेत म्हणे साधे नोकरदार लोकसुद्धा आता स्वतःच्या छोट्या शिडाच्या बोटी बांधून घेतात, बायकामुलांना घेऊन सुट्टीत हिंडतात. त्याला यॉट म्हणतात. साहेबाला तसली एक इथे, आपल्या सागाची, आपल्या सुतारांकडून बांधून हवी होती. ह्यांनी हो म्हटलं. साहेबाचा एक स्नेही होता, त्यालाही तशीच हवी होती, पण तो म्हणाला, पहिली पाण्यात कशी चालते ते बघू, मग ठरवू. ह्यांनी मला रात्री जेवताना सांगितलं, "दुसरी मिळाली ना, की मग इथे बोटी बांधायची शेड आपली. मग मुंबई बंद." मी भात वाढता वाढता थांबले. मुंबई बंद. एवढंच ऐकलं मी. बाकी बोट विलायती की देशी, मला काय करायचं होतं?

पण नंतर मलाही तिची गोडी लागली, खोटं कशाला बोलू. साहेबाने विलायती मासिकांचा गठ्ठा दिला होता, त्यात या बोटींची चित्रं. हे मला ती वाचून दाखवायचे. माझं इंग्रजी शाळेतल्या तीन-चार पुस्तकांपुरतं, पण ऐकून ऐकून कानाला सवय झाली. आपल्याकडे मचव्याच्या पोटात दगडांचं नीरम टाकतात, तोल राहावा म्हणून. यांच्यात ते वजन शिशाचं, आणि पोटात नव्हे, बाहेरून, कण्याच्या खाली घट्ट बसवलेलं. त्यामुळे बोट वाऱ्याने कलली तरी आपसूक उठते. आत माझ्याएवढ्या उंचीची छोटी खोली, तिच्या छपराला खिडक्या, झोपायला दोन बाक, कोपऱ्यात स्टोव्ह. मला म्हणाले, "तू आत उभी राहशील, साहेबाला मात्र वाकावं लागेल." मला हे फार आवडलं.

आणि इंजिन. ते इंजिन म्हणजे या सगळ्या मासिकांमधलं भांडण होतं. जुने लोक म्हणायचे, शिडाची बोट ती शिडाची, तिच्यात कसली यंत्रं घालता? नवे म्हणायचे, वारा पडला तर सोमवारी कचेरीत कसं पोहोचायचं? म्हणून मग इंजिन ठेवायचं, पण पायऱ्यांखाली दडवून, कोणाला दिसू नये असं. हे म्हणायचे, "घरजावई गो. हवा तर आहे, पण चारचौघांत दाखवायचा नाही." पण त्या घरजावयाने बोटीचा सगळा मागचा भाग बिघडवलेला. कण्याच्या मागच्या टोकाला सुकाणूपुढे एक खिडकी कापायची, तिच्यात पंखा फिरणार. खिडकी मोठी केली तर शिडावर बोट रडते, लहान केली तर पंखा रडतो. आणि पंख्यापुढचं लाकूड, बोटीचं अंग, हळूहळू निमुळतं होत आलं नाही तर पंख्याला पाणीच मिळत नाही, तो नुसता फेस घुसळतो. हे बाजारातून बांगडा आणला की मला साफ करू द्यायचे नाहीत आधी. शेपटीकडे बोट फिरवून दाखवायचे, बघ कसा सरतोय, कुठे एक गाठ आहे का?

कागदावर बोट वीतभर. सुतारांना फर्मे, म्हणजे लाकडाचे साचे, कापायला ती पूर्ण मापात हवी. मुंबईला त्यासाठी मोठा माळा असतो लाकडी फळ्यांचा. इथे कुठला माळा? पाऊस सरल्यावर मी खळं चोपून नवं केलं होतं, सारवून गुळगुळीत केलं होतं. हे ओटीवर उभे राहून बघत राहिले आणि म्हणाले, "याच्यापेक्षा चांगला माळा मुंबईतसुद्धा नाही." मी फुशारले. मला काय ठाऊक पुढे काय वाढून ठेवलंय.

मग सुरू झालं. सुपारीच्या खोडाच्या लांब लवचिक पट्ट्या काढून आणल्या. एक टोक मी धरायची, एक ह्यांनी, मध्ये खिळे ठोकून पट्टी वाकवायची, आणि तिच्या कडेने चुन्याची रेघ. मग मला सांगायचे, तिकडे उंबऱ्यावर जाऊन डोळा लाव, कुठे खुपतंय? मी सांगायची, तिथे पोट आलंय. खिळा हलवायचा, परत रेघ. एकीवर एक, बोट वरून, बोट बाजूने, बोट आडवी कापलेली. आणि डोलकाठी नेमकी तुळशीत येत होती, म्हणून सगळी बोट हातभर सरकवून पहिल्यापासून काढली! माझ्या पाठीचे काटे ढिले झाले. पण त्या आश्विनात मी जेवढी बोलले, जेवढी हसले, तेवढी लग्नानंतर कधी हसले नव्हते.

लाज होती ती बाहेरच्यांची. घरापुढे सडा नाही, सारवण नाही, हळूहळू खळ्याला भेगा पडायला लागल्या, कोंबड्यांना हाकलून हाकलून जीव जायचा. दिवाळीला सगळ्यांची खळी आरशासारखी आणि आमच्याकडे ही जळमटं. फराळाला आलेल्या बायका कडेकडेने, लुगडं वर धरून चालायच्या, जसं काही आमच्याकडे चिखल आहे. एकीने तर विचारलं, "तुझे यजमान बरे आहेत ना गो? म्हणजे डोक्याने?" माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी करंज्या पुढे केल्या.

तुळशीच्या लग्नाला केळशीहून माझी आई आली. घरात सासू नाही, मुलगी एकटी, लग्न लावायला कोणी मोठं हवं म्हणून. बंदरावर पडावातून उतरली, घरी येऊन फाटक उघडलं, खळं बघितलं आणि तिथेच उभी राहिली. तिने माझ्या गालावरून हात फिरवला फक्त. तिला वाटलं, मुलगी एकटीने राबते, हिला खळं सारवायलाही सवड मिळत नाही. मी सांगितलं होतं तिला, हे चित्र आहे म्हणून. सांगितलं होतं की नाही? संध्याकाळी, पोहे निवडताना सांगितलं. पण ह्यांनी पुढच्या अर्ध्या बोटीचे फर्मे त्याच आठवड्यात सुतारांना दिले होते, आणि मी म्हणाले, "अर्ध्याचं काम झालंय." तिने ऐकलं ते एवढंच, काम झालंय.

खरी गोष्ट अशी, की मागच्या अर्ध्याचं काम झालंच नव्हतं. साहेबाने मागवलेलं इंजिन चित्रातल्यापेक्षा मोठं निघालं होतं. म्हणून ह्यांनी बोटीचा मागचा भाग खळ्यातच नव्याने जमवला होता. दिवाळीचे सगळे दिवस त्यात घातले, पट्टी वाकवून, पुसून, पुन्हा वाकवून. शेवटी एकदाचं जमलं तेव्हा मला उचलून धरायचंच बाकी ठेवलं होतं. ते कागदावर उतरवायचं होतं. तुळशीचं लग्न झालं की उतरवू, म्हणाले.

लग्नाच्या दिवशी पहाटे मला जाग आली ती शेणाच्या वासाने. दार उघडलं तर आई खळ्याच्या शेवटच्या कोपऱ्यात, कोपरापर्यंत हात भरलेले, आणि सगळं खळं ओलं, हिरवंगार, एक रेघ नाही. तिने वर बघितलं आणि इतकी प्रसन्न हसली. "बघ, आता कसं लग्नघर दिसतंय!" मी दाराची चौकट धरली. तेवढ्यात हे राखुंडी लावत बाहेर आले. बोट तोंडात तसंच. बघत राहिले. मला वाटलं आता आभाळ कोसळणार. यांनी बोट काढलं, थुंकले, आणि म्हणाले, "वा. काय सुरेख सारवलंत हो, आई." आणि मागच्या दाराने निघून गेले.

मी मागून गेले. विहिरीपाशी धुण्याच्या दगडावर बसले होते, पाठ माझ्याकडे. मी म्हटलं, अहो. तर म्हणाले, "आईंना कळता कामा नये. माझी शपथ आहे तुला. एवढ्या लांबून आल्या, पहाटे उठून कमर मोडेपर्यंत खळं सारवलंन त्यांनी. चूक माझी आहे, मी कागदावर घ्यायला हवं होतं." आणि संध्याकाळी ह्यांनीच ओटीवर उभं राहून मंगलाष्टकं म्हटली, अक्षता टाकल्या. आई चार बायकांना सांगत होती, पहाटेपासून सारवत होते गो, जावई म्हणाले सुरेख. मी उसाचे तुकडे करत होते, विळीवर बोट कापून घेतलं तरी कळलं नाही मला.

मग पुन्हा आखलं. आई केळशीला गेल्यावर. पण तसं नाही जमलं. हे पट्टी वाकवायचे आणि मला विचारायचे, असंच होतं ना? मी म्हणायची, नाही आठवत. त्यांनाही आठवत नव्हतं. आणि साहेबाची घाई, पावसाच्या आत बोट पाण्यात हवी, सागाच्या फळ्या येऊन पडलेल्या, सुतार बसून. शेवटी ह्यांनी डोळे मिटून घेतल्यासारखी एक रेघ मारली आणि म्हणाले, चालेल.

चैत्र उलटल्यावर बोट भाट्याच्या खाडीत उतरवली. देखणी होती हो! पांढरीशुभ्र, बारीक लांब, मधे ती एवढीशी खोली, सागाला तेल पाजून सोन्यासारखा चढलेला रंग. नारळ फोडला. सगळं गाव काठावर. माझी आई मुद्दाम केळशीहून आलेली, जावयाचं कौतुक बघायला. दुपारी वारा सुटला तसं शीड चढवलं आणि ती अशी निघाली, अशी निघाली, की काठावरच्या दर्यावर्दी तांडेलांनी सुद्धा तोंडात बोटं घातली. माझा ऊर भरून आला. मुंबई बंद, मुंबई बंद, मनात नुसतं तेवढंच. साहेब आणि त्याचा स्नेही आतमध्ये, लांबूनही त्यांचं हसणं ऐकू यायचं.

मग परत येताना शीड उतरवलं. आता इंजिन बघायचं होतं. ओहोटी लागलेली, खाडीचं पाणी बाहेर चाललेलं. इंजिन सुरू झालं, धडधड लांबवर ऐकू आली, मागे पांढरा फेस उठला. आणि बोट जागची हलेना. अंगात आल्यासारखी थरथरत होती नुसती. फेस घुसळतेय, थरथरतेय, आणि काठावरच्या माडाच्या तिथेच उभी. एक म्हातारी कोळीण वल्ह्याच्या होडीतून तिच्या शेजारून पुढे निघून गेली, आणि जाताना तिने मागे वळून बघितलं. काठावर एकदम हशा पिकला. कोणीतरी ओरडलं, "ओ ड्रॉइंगवाले! उतरा नि ढकला!" शेवटी दोर टाकून ओढून आणली. माणसं दोर ओढताना हसत होती. मी पदर तोंडावर घेतला. लाज लाज म्हणजे किती, जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं.

साहेब उतरला. चिडला नव्हता. आता वाटतं, चिडला असता तर बरं. त्याने विचारलं, काय झालं? हे म्हणाले, मागच्या भागाच्या रेषा चुकल्या, चूक माझी. स्नेही नुसती बुटावरची वाळू झटकत राहिला. त्यावरूनच कळलं मला, दुसरी बोट गेली.

आई माझ्या शेजारी उभी होती. तिने सुस्कारा टाकला आणि म्हणाली, "जाऊ दे गो बाय. माणूस चांगला आहे, पण हे काम त्याच्या आवाक्यातलं नव्हतं. मला तेव्हाच दिसलं होतं, नुसत्या भिंगरीसारख्या रेघा. कोणी पोर मारत असेल अशा."

माझं डोकंच फिरलं. शपथ राहिली, सगळं राहिलं. मी म्हटलं, "त्या रेघा तू सारवल्यास! बोट तीच होती! तू पुसलीस म्हणून ही आज थरथरतेय!" एवढ्या मोठ्याने म्हटलं की बाजूच्या बायका वळून बघायला लागल्या.

आईचा चेहरा मी कधी विसरणार नाही. आधी तिला कळलंच नाही. मग तिचे ओठ हलले, मोजल्यासारखे, तुळशीच्या लग्नापासून आजपर्यंत. आणि मग तिने पदर सावरला, डोक्यावरून नीट घेतला आणि त्या सगळ्या पुरुषांमधून सरळ साहेबापुढे जाऊन उभी राहिली. माझी आई, जी परक्या पुरुषापुढे कधी मान वर करत नसे! दोन्ही हात जोडले आणि स्पष्ट, खणखणीत आवाजात म्हणाली, "साहेब, चूक माझी आहे. यांनी बरोबर काढलं होतं. मी अडाणी, मी शेणाने सारवलं. यांचं काम यांच्याकडून काढून घेऊ नका. दुसरी बोट यांनाच द्या."

साहेबाला मराठी कुठली यायला? त्याने ह्यांच्याकडे बघितलं. बाई काय म्हणतेय?

मी तिथेच होते, चार पावलांवर. सांगून टाका, असं मला वाटलं. देवा, सांगू दे यांना. खरंच आहे ते. एका वाक्याचं काम होतं, मुंबई बंद झाली असती. माझ्या आईची सगळ्या गावापुढे शोभा झाली असती, साहेबलोक हसले असते, शेणाची गोष्ट क्लबात रंगवून सांगितली असती त्यांनी, तरीही मला वाटलं, सांगा. त्या क्षणाची आजही मला लाज वाटते, दुसऱ्या कशाची वाटत नाही तेवढी.

हे आईकडे बघत होते. मग साहेबाकडे वळून इंग्रजीत म्हणाले. माझं इंग्रजी तेवढ्यापुरतं होतंच. म्हणाले, "या माझ्या सासूबाई. म्हणतात, बोट फार सुंदर आहे, आणि देव तुम्हाला पाण्यावर सुखरूप ठेवो."

साहेबाचा चेहरा उजळला. त्याने डोक्यावरची टोपी काढली, छातीशी धरली आणि आईपुढे चांगला वाकला. स्नेह्यानेही काढली. मग दोघे गाडीत बसून निघून गेले.

आईच्या डोळ्यांना पाणी आलं. माझा हात घट्ट धरून म्हणाली, "बघितलंस? टोपी काढलीन त्याने. माफ केलंन गो. माणसं भली असतात, सांगायला मात्र पाहिजे." मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी नुसती मान हलवली, सांगू नको म्हणून. मी गप्प बसले.

दुसरी बोट आली नाही. पावसाने आगबोटी बंद व्हायच्या आत हे मुंबईला गेले, त्याच ऑफिसात, पूर्वीपेक्षा खालच्या टेबलावर. पुन्हा वर्षातून आठ दिवस. मी पुन्हा एकटी, पुन्हा कडवट. आई मधूनमधून केळशीहून यायची, आणि प्रत्येक वेळी आल्या आल्या विचारायची, जावई आले का घरी कायमचे? मी म्हणायची, नाही.

दोन-तीन वर्षांनी एका गणपतीत हे आणि आई दोघं एकदम घरी होती. हे जेवायला बसलेले, आई वाढत होती. तूप वाढताना तिचा हात थांबला. तिने मान खाली घातली आणि हळूच म्हणाली, "जावईबापू, एक विचारू? त्या परक्या साहेबाने मला उभ्या उभ्या माफ केलंन. तुम्ही कधी करणार? अजून किती वर्षं माझ्या मुलीला एकटं ठेवणार?"